तोफ आणि पखाल



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आपण चालविता, त्यांच्या नावाने बोलण्याचा मान मला दिलात याबद्दल मी आपला ऋणी आहे. विषय मीच निवडला. निमंत्रणपत्रिका हाती पडल्यावर दोघा-तिघांनी मला विचारले की, उभा जन्म ज्ञानेश्वरी आणि बखरी शिकविण्यात घालविलेल्या माणसाने सैन्याच्या खर्चावर काय बोलावे? शंका रास्त आहे. परंतु आपल्या भाषेतील जुने गद्य चाळून पाहा. त्याचा मोठा भाग लष्कराच्या छावणीत जन्मला आहे. दाणावैरण मिळत नाही, रोजमुरा थकला, घोडी पडली, रसद पाठवा, अशा मजकुरांनी आपली ऐतिहासिक पत्रे भरलेली आहेत. मराठी गद्याने शौर्य गायिले हे खरे, पण त्याने हिशेब त्याहून अधिक लिहिला. त्या हिशेबाचा वाचक म्हणून मी आपल्यापुढे उभा आहे.

दुसरे कारण या मातीचे. आदिलाबाद जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आपण इकडे राहिलो, आणि २०१६ मध्ये जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. सीमा बदलल्या तरी घरातली भाषा बदलली नाही. त्यामुळे येथील मराठी माणसाला एक सोय आहे, जी पुण्याच्या माणसाला नाही: पेशव्यांचा इतिहास आणि निजामाचा इतिहास हे दोन्ही आपल्या घरचेच आहेत. शिवाय शस्त्रे या भागाला परकी नाहीत. निर्मळला निजामाच्या फौजेसाठी तोफा ओतल्या जात. गोदावरीपलीकडच्या कोनासमुद्रमच्या पोलादासाठी इराणचे व्यापारी येत असत, आणि त्या पोलादाच्या तलवारी दूरदेशी नावाजल्या गेल्या. तेव्हा तोफेविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला आहे. आज मात्र मला तोफेबरोबर पखालीविषयीही बोलायचे आहे.

कृष्णाजी अनंत सभासद याने राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून जिंजीस शिवछत्रपतींचे चरित्र लिहिले. वर्गात ही बखर शिकविताना विद्यार्थ्यांचे लक्ष अफजलखानाच्या प्रसंगाकडे असे; ते स्वाभाविकच आहे. माझे लक्ष मात्र दर वेळी एका रुक्ष तपशिलाशी थबकत असे. पागेची रचना सांगताना सभासद नोंदवितो की, पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. पखालजी म्हणजे कातड्याच्या पखालीतून पाणी आणणारा. तो लढत नाही. नालबंदही लढत नाही. दरबारी कवी त्यांच्यावर श्लोक रचीत नाहीत. परंतु नव्या राज्याच्या मोजक्या तिजोरीतून पंचवीस स्वारांमागे दोन न लढणारी माणसे पोसायची, हे ज्याने ठरविले त्याला युद्ध कळले होते. आणि महत्त्वाची गोष्ट अशी की, हे प्रमाण ठरलेले होते. एखाद्या सरदाराची मर्जी झाली तर पखाल, नाही तर नाही, असा तो प्रकार नव्हता.

राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळात चिपळूणकडील छावणीच्या अंमलदारांना गेलेले महाराजांचे पत्र पुष्कळांच्या परिचयाचे आहे. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, एवढाच त्याचा भाग आपण भाषणांतून सांगतो. मूळ पत्राचा गाभा दाणावैरणीचा आहे. पावसाळ्यासाठी सायासाने जमविलेला साठा आत्ताच उधळाल तर पुढे घोडी मरतील; कोणी आगट्या करील, कोणी रात्री दिवा जळता ठेवील, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इथपर्यंतचा विचार त्यात केलेला आहे. ज्याच्यापुढे राज्याभिषेक उभा आहे, मोगलाई उभी आहे, तो माणूस उंदराचा विचार करतो आहे! आणि साठा संपला की उपाशी सैन्य रयतेवर पडते, हा दुवाही त्यात स्पष्ट आहे. रयतेच्या भाजीचे रक्षण उपदेशाने होत नाही. सैन्याच्या कोठारात दाणा असला तर होते.

सबनीस आणि कारखानीस ही आडनावे आपल्यात आजही आहेत. गडावर हवालदाराबरोबर हे दोघे अधिकारी असत. सबनीस हजेरी आणि जमाखर्च पाही. कारखानिसाकडे धान्य, वैरण, दारूगोळा यांचे कोठार असे. गडाच्या कारभारात हवालदाराच्या बरोबरीने हिशेबनीस आणि कोठीवाला बसत होते, हे आडनावांमुळे तरी आपल्या स्मरणात राहावयास हवे होते.

आता शंभरएक वर्षे पुढे येऊ. पानिपतावर मी फार बोलणार नाही असे ठरवून आलो होतो, परंतु त्यावाचून गत्यंतर नाही.

३ फेब्रुवारी १७६० रोजी आपल्या जवळच्याच उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. इब्राहिमखान गारदी याच्या तोफांनी आणि कवायती पायदळाने तेथे मोठे काम केले. फ्रेंच पद्धतीने शिकलेला हा सरदार पूर्वी निजामाकडे होता. उदगीरने भाऊंची या नव्या शस्त्रावर श्रद्धा बसली, आणि ती चुकीची नव्हती. उत्तरेची मोहीम निघाली ती हा अवजड तोफखाना बरोबर घेऊन. त्याच मोहिमेत पैशाची ओढ अशी की, ऑगस्ट १७६० मध्ये दिल्ली हाती आल्यावर दिवाण-इ-खासच्या छताची चांदी उतरवून नाणी पाडावी लागली, आणि तीही फौजेला जेमतेम महिनाभर पुरली. ज्या सेनेजवळ हिंदुस्थानातला एक उत्तम तोफखाना आहे, तिला पगारासाठी छत उचकटावे लागते, ही विसंगती त्या काळच्या कागदांतून डोळ्यांत भरते.

ऑक्टोबरमध्ये कुंजपुरा जिंकला तेव्हा धान्याचा मोठा साठा हाती आला. मात्र त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मराठ्यांच्या आणि दिल्लीच्या मध्ये आला. मग पानिपतास खंदक खणून मुक्काम पडला आणि अडीच महिने उपासमार सुरू झाली. अब्दालीला अंतर्वेदीतून नजीबखानाच्या मुलखातले धान्य पोचत होते. मराठ्यांना पतियाळाच्या आला सिंगाकडून काही काळ मिळाले, पुढे ती वाटही तुटली. अंतर्वेदीत शत्रूची रसद मारण्याचे काम गोविंदपंत बुंदेल्यांकडे होते. ते डिसेंबरात मारले गेले. छावणीतली जनावरे मरू लागली. अवजड तोफा ओढायला बैल लागतात आणि बैलाला वैरण लागते, हे साधे गणित आहे. बुणग्यांना आणि यात्रेकरूंना दोष देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. तो दोष अगदी निराधार नाही, पण त्याआडून मूळ प्रश्न निसटतो.

काशिराज पंडित हा शुजाउद्दौल्याच्या पदरी होता आणि त्याने स्वतः पाहिलेल्या युद्धाचा वृत्तांत फारसीत लिहून ठेवला. त्यातील एक प्रसंग मला सर्वांत अधिक बोलका वाटतो. लढाईच्या दिवशी सकाळी इब्राहिमखान भाऊंना भेटला आणि म्हणाला की, माझ्या माणसांचा पगार नियमित मिळावा म्हणून मी आग्रह धरला याचा आपल्याला राग होता; या महिन्यात पगार मिळालेलाच नाही, पण त्याची खंत नको, आज आम्ही आमचे काम करून दाखवितो. आणि त्यांनी ते करून दाखविले. गारद्यांच्या पलटणींतली बहुतेक माणसे त्या रणांगणावर पडली. आदल्या रात्री सरदार भाऊंच्या तंबूत आले होते ते अधिक तोफा मागायला नव्हे. दोन दिवस पोटात अन्न नाही, उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू द्या, एवढेच त्यांचे मागणे होते. उरलेसुरले धान्य वाटून त्या रात्री फौजेला एकदाचे जेवू घातले आणि १४ जानेवारी १७६१ ची पहाट झाली.

लक्षात घ्या, तोफखान्याचा अधिकारी स्वतः तोफेविषयी बोलत नाही. तो तोफेमागच्या माणसाच्या पगाराविषयी बोलतो. शस्त्र आणि शिधा हे भांडण बाहेरच्यांनी लावलेले आहे. ज्याच्या हातात शस्त्र असते त्याला ते एकच असते.

आता दुसऱ्या घरची गोष्ट. निजामअलीखानाने रेमंड या फ्रेंच सरदाराकडून कवायती पलटणी उभारल्या. हैदराबादेतील ज्या भागाला आपण गनफाउंड्री म्हणतो, जुन्या भाषेत तोप का सांचा, तो याच रेमंडच्या तोफांच्या कारखान्याचा. मार्च १७९५ मध्ये ही फौज जामखेडजवळच्या खर्ड्याला मराठ्यांसमोर उभी राहिली. रेमंडच्या पलटणी मैदानात हिरिरीने लढल्या. परंतु स्वारीबरोबर सारा जनानखाना होता, रात्री गोंधळ उडाला आणि निजामअलीखान खर्ड्याच्या लहानशा किल्ल्यात जाऊन बसला. मराठ्यांनी वेढा घातला आणि दाणापाणी तोडले. दक्षिणेतला सर्वांत आधुनिक तोफखाना बाळगणारा राजा पाण्यावाचून काही दिवसांतच तहाला आला. दौलताबादेसारखा किल्ला, मोठा मुलूख, तीन कोटी रुपये आणि स्वतःचा दिवाण, एवढे त्याला द्यावे लागले. सभासदाचा पखालजी तेथे कोणाच्या हिशेबात होता की नाही कोण जाणे! पानिपतावर आपण उपाशी होतो, खर्ड्याला ते तहानलेले होते. पस्तिशीच्या आत दोन्ही घरांनी तोच धडा दोन बाजूंनी गिरविला.

त्याचे शेपूट अधिक बोधक आहे, पण आपल्या पाठ्यपुस्तकांत ते येत नाही. रेमंड मार्च १७९८ मध्ये वारला. त्याच्या पलटणी तोवर चौदा हजारांच्या आसपास वाढल्या होत्या. इंग्रजांना त्यांचे भय होते. ऑक्टोबरात इंग्रजी फौजेने त्यांना घेरले तेव्हा आतले शिपाई आधीच बिथरलेले होते. त्यांचा पगार थकला होता, आणि त्यांनी आपल्याच फ्रेंच अधिकाऱ्यांना कोंडून ठेवले होते. थकबाकी देण्याचे वचन मिळाले आणि एवढ्या मोठ्या फौजेने लढाईवाचून शस्त्रे खाली ठेवली. हैदराबादचे स्वातंत्र्य त्या दिवशी गेले. तोफा शाबूत होत्या.

हे जुने झाले. आता आपल्या पिढीने पाहिलेले. ऑक्टोबर १९६२ मध्ये नामका चू नदीच्या काठी आपल्या पलटणी सुती गणवेशात, अपुऱ्या पांघरुणांनिशी आणि मोजक्या काडतुसांनिशी चिनी फौजेसमोर उभ्या होत्या. नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य तेव्हा घरोघरी म्हटले जाई. मला त्या वाक्यापेक्षा २ सप्टेंबर १९६३ रोजी चव्हाणांनी संसदेत केलेले निवेदन मोलाचे वाटते. चौकशीचा निष्कर्ष सांगताना त्यांनी सामग्रीचा तुटवडा होता हे मान्य केले. परंतु पुढे जे सांगितले त्याचा आशय असा, की पुष्कळ वस्तू देशात कोठे ना कोठे होत्या, मैदानी प्रदेशाच्या टोकापर्यंत त्या पोचतही होत्या. तेथून पुढे, विमानाने, जनावराच्या वा माणसाच्या पाठीवरून, आघाडीच्या जवानापर्यंत त्या वेळेवर पोचविणे हीच खरी अडचण होती. कुंजपुऱ्याचे धान्य आठवावे. अंतर्वेदीत पीक होते, छावणीत नव्हते. पखाल म्हणजे केवळ पाणी नव्हे. विहिरीपासून तोंडापर्यंतचे अंतर म्हणजे पखाल. चव्हाणांच्या कारकिर्दीत संरक्षणाची पंचवार्षिक योजना आखली गेली, डोंगरी लढाईसाठी स्वतंत्र डिव्हिजन्स उभ्या राहिल्या. १९६५ साली त्याचा उपयोग झाला.

तरीही पखाल विसरण्याची खोड गेली नाही. महालेखापरीक्षकांचा जो अहवाल फेब्रुवारी २०२० मध्ये संसदेपुढे आला, त्यात सियाचीन, लडाख यांसारख्या अतिउंच भागातील जवानांच्या २०१५-१६ ते २०१७-१८ मधील स्थितीची तपासणी आहे. कपडे आणि साधनांच्या खरेदीला चार-चार वर्षांपर्यंत विलंब. बर्फात डोळे वाचविणाऱ्या चष्म्यांचा तुटवडा ६२ ते ९८ टक्के. नोव्हेंबर २०१५ ते सप्टेंबर २०१६ या काळात विशेष बुटांचा पुरवठा नाही, म्हणून वापरलेलेच बूट दुरुस्त करून पुन्हा दिलेले. शिध्यात एका पदार्थाऐवजी दुसरा देण्याच्या पद्धतीमुळे जवानाला मिळणारा उष्मांक काही बाबतींत ८२ टक्क्यांपर्यंत घटलेला. लष्कराने पुढे सांगितले की ही स्थिती त्या वर्षांतली असून नंतर सुधारणा झाली आहे. तसे असेल तर आनंदच आहे. पण जे हिवाळे गेले ते कोणाच्या तरी पायांवरून गेले.

आणखी एक तुलना देतो. ती करताना न्यायही पाळतो. जवानांसाठी गोळी अडविणारी जाकिटे घ्यावयास २००९ मध्ये मंजुरी मिळाली. १ लाख ८६ हजार जाकिटांचा ६३९ कोटींचा करार झाला तो एप्रिल २०१८ मध्ये. मधल्या काळात तातडीची गरज म्हणून पन्नास हजारांची वेगळी खरेदी करावी लागली. सप्टेंबर २०१६ मध्ये ३६ राफेल विमानांचा करार झाला, सुमारे ५९ हजार कोटींचा. शस्त्रे आणि इतर सामग्री धरून एका विमानामागे जी सरासरी रक्कम येते, तिच्या निम्म्याहूनही कमी पैशांत ही सगळी जाकिटे आली. विमानांचीही खरेदी रेंगाळलीच होती. तिची पहिली निविदा २००७ ची. म्हणजे सरकार विमानाला धावते आणि जाकिटाला बसते असे सरसकट म्हणता येत नाही. फरक वेगळाच आहे. विमान रखडले तेव्हा वर्षानुवर्षे त्यावर अग्रलेख आले, संसदेत गदारोळ झाला, न्यायालयापर्यंत प्रकरण गेले. जाकीट रखडले तेव्हा किती अग्रलेख आले? विमानाला विकणारा असतो, घेणारा असतो, विरोधक असतो, त्याचे उद्घाटन असते. बुटाचे उद्घाटन होत नाही. तोफेला वकील पुष्कळ. पखालीला एकच, आणि तो म्हणजे हिशेब तपासणारा माणूस.

येथे कोणी म्हणेल की प्राध्यापक तोफेविरुद्ध बोलत आहेत. तसे मुळीच नाही. १९८६ मध्ये घेतलेल्या बोफोर्स तोफेवरून देशात किती वादळ उठले ते आपल्याला ठाऊक आहे. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवर त्याच तोफेने आपल्या जवानांची चढण सुसह्य केली. चांगले शस्त्र हीसुद्धा जवानाची मूलभूत गरजच आहे. जुनी बंदूक देऊन त्याला गरम सदरा घालणे ही काही माया नव्हे. आणि नुसती तोफ घेऊनही भागत नाही. महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालानुसार तपासलेल्या १५२ प्रकारच्या दारूगोळ्यांपैकी ६१ प्रकारांचा साठा दहा दिवसांच्या लढाईलाही पुरेल इतका नव्हता. २०१८ मध्ये संसदेच्या स्थायी समितीपुढे लष्कराने सांगितले की ६८ टक्के सामग्री जुनाट आहे, आणि नव्या खरेदीसाठी मिळालेले २१,३३८ कोटी आधीच्या करारांचे २९,०३३ कोटींचे हप्ते फेडायलाही अपुरे आहेत. म्हणजे तोफही नीट येत नाही आणि पखालही भरत नाही.

मग पैसा जातो कोठे? २०२४-२५ च्या अंदाजपत्रकात संरक्षणासाठी ६ लाख २१ हजार कोटींहून अधिक तरतूद होती. त्यातील ३०.६६ टक्के पगार आणि भत्ते, २२.७० टक्के निवृत्तिवेतन, २७.६६ टक्के भांडवली खर्च म्हणजे मुख्यतः शस्त्रखरेदी. शिधा, इंधन, दारूगोळा, दुरुस्ती, वस्त्रे आणि दैनंदिन सिद्धता यांच्या वाट्याला १४.८२ टक्के. शंभर रुपयांतले पंधराही नाहीत. हा आकडा मी विद्यार्थ्यांना लिहून घ्यावयास सांगतो. पगार थांबविता येत नाही, कराराचा हप्ता थांबविता येत नाही. ओढाताण झाली की कात्री चालते ती याच पंधरा रुपयांवर.

निवृत्तिवेतनाचा बोजा ही खरी अडचण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची नोकरी. त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना कायम सेवा. बाकीच्यांना सुमारे ११ लाख ७१ हजारांचा सेवानिधी आणि निवृत्तिवेतन नाही. सैन्य तरुण राहावे हा तिचा जाहीर हेतू आहे, आणि तो हेतू खोटा आहे असे मी म्हणत नाही. परंतु वाचलेला पैसा शस्त्रांकडे वळेल असे जेव्हा तिचे समर्थक सांगतात, तेव्हा मला आपल्याकडची खेड्यातली म्हण आठवते: रोग हल्याला, औषध पखालीला. खरेदी नऊ-नऊ वर्षे रखडते हा रोग मंजुरीच्या वाटेवरचा आहे. त्यावर जवानाची म्हातारपणची भाकरी कमी करणे हे औषध कसे होईल? इब्राहिमखानाने भाऊंकडे मागितले होते ते नेमके हेच, की माझ्या माणसाला उद्याची खात्री द्या.

हा प्रश्न या सभागृहापासून दूर नाही. आपल्या गावाबाहेरच्या जुन्या धावपट्टीवर हवाई दलाचे केंद्र आणि विमानतळ होणार हे आपण वर्षानुवर्षे ऐकत आहोत, आणि ते व्हावे असे मलाही वाटते. पण या जिल्ह्याचे सैन्याशी जे खरे नाते आहे ते धावपट्टीचे नाही. ते पहाटे रस्त्याच्या कडेने धावणाऱ्या मुलांचे आहे. जून २०२२ मध्ये सिकंदराबादच्या रेल्वेस्थानकावर जे घडले, जाळपोळ झाली, गोळीबारात एका तरुणाचा जीव गेला, त्यातले बरेचसे असेच धावणारे होते. त्या जाळपोळीचे समर्थन कोणी करू नये. परंतु त्या मुलांनी अंदाजपत्रकाचे पान वाचलेले नव्हते, आणि त्यांना ते वाचून दाखविणारा कोणी नव्हता, हेही तितकेच खरे.

म्हणून संस्थेला माझी एक विनंती आहे. सभासदाची बखर शाळेच्या ग्रंथालयात आहेच. तिच्या शेजारी संरक्षणविषयक स्थायी समितीचे आणि महालेखापरीक्षकांचे अहवाल ठेवावेत. ते जाहीर असतात, कोणालाही मिळतात. इंग्रजी रुक्ष आहे, पण आपल्या माजी विद्यार्थ्यांत हिशेबनीस आहेत, वकील आहेत, निवृत्त जवानही आहेत. त्यांनी वर्षातून एक रविवार देऊन भरतीच्या तयारीतल्या मुलांना त्यातली बूट, शिधा आणि जाकिटांची पाने मराठीत आणि तेलुगूत समजावून द्यावीत. पहिल्या पाच वर्षांच्या अहवालांच्या छपाईचा आणि बांधणीचा खर्च मी मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करीत आहे.